वहिनींचा फोन फुल्ल झाला त्याचं प्रकरण

२०२५च्या दिवाळीत कराडला घरी गेलो तर बॅग खाली ठेवायच्या आत वहिनींनी मोबाईल हातात दिला, "भावजी हे बघा जरा, फोटोच निघंना झालेत." बघितलं तर ६४ जीबीच्या फोनमध्ये शिल्लक ३८० एमबी, व्हॉट्सॲप उघडलं की जागा करा म्हणून अडतंय, कॅमेरा दोन फोटो काढून तिसऱ्याला नाही म्हणतोय. पुण्यात मी अकाउंट्सचं काम करतो, कंप्युटर रिपेअरचं नाही, पण घरात जो पहिल्यांदा लॅपटॉप घेतो तो आयुष्यभर सगळ्या पाहुण्यांचा कंप्युटरवाला होतो, त्याला इलाज नाही. म्हणलं करू, तासाभराचं काम आहे, केबल लावायची कॉपी मारायची झालं. त्या तासाभराला अडीच दिवस लागले. आणि लागले ते बरं झालं, कारण घाईत केलं असतं तर काय होतं त्याचा नमुना दादानं दोन महिन्यांपूर्वीच करून ठेवला होता, ते पुढं येईलच.

आधी फोन कुणाचा ते सांगतो म्हणजे फोटो एवढे का ते कळेल. वहिनी पाटणच्या बाजूला एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आणि मराठी शाळेच्या मास्तर-बाईंच्या फोनमध्ये फोटो किती असतात हे ज्यांच्या घरात शिक्षक आहे त्यांनाच माहीत. जयंती झाली की फोटो, पुण्यतिथी झाली की फोटो, पोषण आहाराच्या खिचडीचा फोटो, पोरं हात धुतानाचा फोटो, झाड लावताना एकाच खड्ड्याभोवती सहा बाजूंनी सहा फोटो (त्यातली निम्मी झाडं आता फक्त फोनमध्येच आहेत असं वहिनीच म्हणतात), आणि हे सगळं लगेच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर. वर घरचे. पुतणीचे, सणावाराचे, माहेरचे. सगळं एकाच कॅमेरा फोल्डरमध्ये. २०२१च्या ऑगस्टमध्ये घेतलेला फोन, चार वर्षांत एक फोटो धड खाली उतरवलेला नाही.

म्हणून पहिलं काम काय केलं तर केबल बाजूला ठेवली आणि फोनमध्येच फाइल्सचं ॲप उघडून कुठं किती आहे ते कागदावर लिहून काढलं. कॅमेरा फोल्डर १९.४ जीबी, त्यात फोटो-व्हिडिओ मिळून ४,८१२. व्हॉट्सॲप १७ जीबीच्या वर, त्यात नुसते इमेजेस ९,३४०. बाकी सिस्टिम आणि ॲप. हा कागद नंतर सगळ्यात उपयोगी पडला, त्यामुळं कुणी करणार असेल तर हे पाच मिनिटांचं काम आधी करा. आकडा माहीत नसेल तर सगळं आलं की नाही हे नंतर कशावरनं ठरवणार.

दुसरीकडं लॅपटॉप. दादाचा जुना, ९ वर्षांचा, विंडोज १०, म्हणजे ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं दिवाळीच्या आधीच १४ ऑक्टोबरला बंद केला ते. हार्ड डिस्क ५०० जीबी, रिकामी तीनशेच्या आसपास, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. प्रश्न बॅटरीचा. बॅटरी पार गेलेली, चार्जर काढला की त्याच क्षणी बंद. हे मला माहीत होतं आणि तरी मी त्याकडं दुर्लक्ष केलं, ही माझी चूक, आत्ताच कबूल करून टाकतो.

केबलपासूनच सुरुवात झाली. फोन लावला, चार्जिंगची खूण आली, लॅपटॉपवर काहीच नाही. ना आवाज ना फोन दिसतोय. दादा म्हणाला पोर्ट गेलं असंल. दुसऱ्या पोर्टला लावली, तेच. मग लक्षात आलं की ही केबल त्या स्वस्तातल्या पॉवर बँकेबरोबर आलेली. साध्या यूएसबीच्या चपट्या तोंडात चार पट्ट्या असतात, कडेच्या दोन करंटच्या आणि मधल्या दोन डेटाच्या, आणि अशा स्वस्त केबलींमध्ये मधल्या दोन तारा बऱ्याचदा घातलेल्याच नसतात. बाहेरनं बघून काही कळत नाही. चार्जिंग व्यवस्थित होतं त्यामुळं माणूस केबलवर संशय घेत नाही, लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर सॉफ्टवेअर शोधत बसतो. घरात शोधून फोनच्या बॉक्समधली मूळ केबल काढली, कपाटात वरच्या खणात बॉक्ससकट जपून ठेवलेली होती, तिनं लगेच टिंग आवाज आला.

आला, पण फोल्डर उघडलं तर धिस फोल्डर इज एम्प्टी. वहिनींचा चेहराच उतरला, "गेले का सगळे?" नाही हो. फोन लॉक होता आणि मोड चार्जिंगचा होता. गेली बरीच वर्षं अँड्रॉइड फोन केबल लावली की नुसता चार्ज होतो, स्वतःहून आतलं काही दाखवत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर एसटी स्टँडवर कुठंही चार्जिंगला लावला की आतलं सगळं उघडं. फोनचं लॉक काढायचं, वरनं नोटिफिकेशन खाली ओढायचं, तिथं यूएसबीनं चार्ज होतंय अशी ओळ असते तिच्यावर दाबायचं, मग यादी येते, त्यात फाइल ट्रान्सफर निवडायचं. त्याच यादीत पीटीपी म्हणून असतं ते कॅमेऱ्यासाठी, त्यात फक्त डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो असतात ते फोल्डर) आणि पिक्चर्स एवढंच दिसतं, व्हॉट्सॲपचं फोल्डर दिसणार नाही, त्यामुळं ते नको.

आता इथं थोडं आतलं सांगतो कारण पुढची सगळी कटकट यातनंच येते. पूर्वीचे अँड्रॉइड फोन लॅपटॉपला लावले की पेन ड्राइव्हसारखे दिसायचे, वेगळं अक्षर घेऊन. त्यात अडचण ही की लॅपटॉप ती अख्खी मेमरी स्वतःच्या ताब्यात घ्यायचा आणि तेवढा वेळ फोनला ती वापरता यायची नाही. २०११ला अँड्रॉइड ३ आलं तेव्हापासून हे बदलत गेलं आणि एमटीपी आलं, मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल. यात लॅपटॉपला मेमरीला हातच लावता येत नाही, तो फोनला विचारतो की अमुक फाइल दे, फोन काढून देतो, मग पुढची. म्हणजे बँकेत पाच खिडक्या आहेत पण चालू एकच आणि तिथंही कॅशियर एकेक पावती हातानं लिहितोय. मोठा व्हिडिओ असेल तर सुसाट जातो कारण पावती एकच, पण दीडदीडशे केबीचे नऊ हजार फोटो असतील तर निम्मा वेळ पावत्या लिहिण्यातच जातो. नऊ हजारांचं फोल्डर नुसतं उघडायलासुद्धा वरच्या पट्टीत ती हिरवी रेघ सरकत राहते, सरकत राहते, आणि आपल्याला वाटतं हँग झालं. हँग झालेलं नसतं. चहा पिऊन यायचं.

दादाचं म्हणणं, एवढं कशाला, ब्लूटूथनं टाक की. मी त्याला तिथंच कागदावर हिशोब करून दाखवला. ब्लूटूथचा हातात पडणारा स्पीड धरा सेकंदाला २ मेगाबिट. एका बाइटचे आठ बिट, म्हणून १९ जीबी म्हणजे साधारण १,५२,००० मेगाबिट. भागिले २, ७६,००० सेकंद, म्हणजे एकवीस तास, ते पण मध्ये कुठं तुटलं नाही तर. तो गप्प बसला. एरवी दहावीस फोटोंना वायफायवरचं क्विक शेअर वगैरे छान आहे, मी पण वापरतो, पण पाच हजारांच्या ढिगाला केबलशिवाय पर्याय नाही असं माझं मत आहे आणि ते या अनुभवानंतर जास्तच पक्कं झालंय.

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं, "पण सगळे फोटो गुगलला जातातच की, मग इथनं काढून टाका सरळ." हे बघायलाच पाहिजे होतं. गुगल फोटोज उघडलं, तिथं सगळे फोटो दिसतात, वरनं खाली, एकपण कमी नाही. पण तिथं फोनमधले आणि क्लाउडमधले एकत्र दिसतात ही त्यातली मेख आहे. एकेका फोटोवर जाऊन बघितलं तर २०२३च्या पुढच्या फोटोंचा बॅकअपच झालेला नाही. फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ला बंद झाली, वहिनींचा फोन ऑगस्टचा, म्हणजे पहिल्या फोटोपासून सगळं त्या १५ जीबीत मोजलं गेलं, आणि त्या १५ जीबीत जीमेल पण येतं आणि ड्राइव्ह पण. ते भरलं आणि बॅकअप गपचूप थांबला. म्हणजे नोटिफिकेशन येत असणार, पण दिवसाला शंभर नोटिफिकेशन येणाऱ्या माणसानं ते वाचलं नाही यात त्याची काय चूक. वहिनींचं ऐकून फोनमधनं सरळ काढून टाकले असते तर दोन वर्षांचे फोटो साफ गेले असते. शिवाय त्या ॲपमधनं फोटो डिलीट केला की फोनमधलाही जातो आणि क्लाउडमधलाही, एकीकडं ठेवून एकीकडनं काढतोय असं वाटत असतं पण तसं होत नाही.

असो. कॅमेरा फोल्डर सिलेक्ट केलं, कॉपी, लॅपटॉपवर नवीन फोल्डर, पेस्ट. बराच वेळ नुसतं कॅल्क्युलेटिंग, मग सुरू झालं. व्हिडिओ येताना सेकंदाला वीस-बावीस एमबी दाखवत होतं, फोटो आले की पाच-सहावर. फोनला टाइप-सी पोर्ट असलं म्हणून स्पीड जास्त असं नसतं, स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनांत आत यूएसबी २.०च असतं, कागदावर ४८० मेगाबिट, हातात त्याच्या निम्मं मिळालं तरी नशीब. चाळीस मिनिटं छान चाललं. मी अंगणात पुतणीबरोबर किल्ल्यावर मावळे मांडत होतो.

आणि लाईट गेली.

दिवाळीच्या दिवसात, संध्याकाळी सात वाजता, पाच मिनिटांसाठी. लॅपटॉप बंद. आत आलो तर फोनचा स्क्रीन फक्त चमकतोय. लाईट आल्यावर चालू करून बघितलं, फोल्डरमध्ये दोन हजार शंभरच्या आसपास फाइली. फोनमधलं सगळं जागच्या जागी, कारण कॉपी केलेलं, कट नाही.

आता इथं मी जवळजवळ फसणार होतो. साहजिक काय करतो आपण, परत सगळं सिलेक्ट करून पेस्ट मारतो, विंडोज विचारतं की या नावाच्या फाइली आधीच आहेत, काय करू, आपण म्हणतो स्किप, आहेत त्या सोड बाकीच्या आण. तेच करणार होतो. त्याआधी सहज शेवटचा आलेला फोटो उघडला. शाळेतला झेंडावंदनाचा. वर निळं आभाळ, झेंडा, खांबाचा वरचा भाग, मग पोरांच्या डोक्यांची रांग, भांग पाडलेली, रिबिनी बांधलेल्या, आणि डोळ्यांच्या खाली सरळ रेषेत राखाडी. चौकटीच्या तळापर्यंत नुसता राखाडी पट्टा. फाइल निम्मीच आली होती. आणि नाव मात्र पूर्ण! स्किप केलं असतं तर विंडोजनं नाव बघून आहे म्हणून सोडून दिला असता, तो फोटो कायमचा तसाच राहिला असता, आणि मी तिकडं फोनमधला उडवला असता.

बरं ती एकच नव्हती. त्याच्या आधीचे काही उघडून बघितले तर चार फोटो असे निघाले की साइज बरोबर, चार एमबी, साडेचार एमबी, पण उघडतच नाहीत. अचानक करंट गेला की हे होतं, विंडोजनं फाइल घेतली असं लिहून ठेवलेलं असतं पण आतला माल डिस्कवर उतरायचा राहिलेला असतो. मग मी फोल्डर तयार झालेल्या वेळेप्रमाणं लावलं, शेवटच्या पन्नास फाइली लॅपटॉपवरनं सरळ डिलीट मारल्या आणि तिथनं पुढं परत सुरू केलं. पाच खराब होत्या, पन्नास उडवल्या, फरक काय पडतो, मूळ तर फोनमध्येच आहे. हे दुसऱ्या दिवशी सकाळी, शेजारच्यांच्या इन्व्हर्टर असलेल्या खोलीत बसून. शेजारच्या काकूंनी वर चकली पण दिली.

दुसऱ्या वेळी अख्खं फोल्डर एकदम घेतलं नाही. फाइलींची नावं तारखेनं सुरू होतात, आयएमजी_२०२२०८१३ अशी, त्यामुळं नावाप्रमाणं लावलं की आपोआप तारखेप्रमाणं लागतात. मग एकेक वर्ष, वर्ष मोठं असेल तर सहा महिने. मध्ये काही झालं तर तेवढाच तुकडा बघायचा. फोन स्क्रीन बंद होऊन लॉक होऊ नये म्हणून स्क्रीनची वेळ वाढवून ठेवली आणि फोन फ्लाइट मोडवर, कारण दिवाळीत वहिनींना दर दोन मिनिटाला शुभेच्छा येत होत्या आणि प्रत्येक शुभेच्छेबरोबर एक पणतीचा फोटो.

आता दादाचं. ऑगस्टमध्ये फोन पहिल्यांदा फुल्ल झाला तेव्हा त्यानं स्वतः प्रयत्न केला होता, आणि कॉपी न मारता कट मारलं. त्याचा विचार असा की कट केलं की तिकडनं जाईल, इकडं येईल, एका दगडात दोन पक्षी. कट मध्येच अडकलं, केबल हलली की काय झालं माहीत नाही, एरर आली. त्यानं लॅपटॉपवर बघितलं तर फाइलींची नावं दिसतायत, म्हणजे आल्या. म्हणून फोनमधल्या उरलेल्या त्याच नावाच्या फाइली त्यानं लॅपटॉपच्याच खिडकीतनं सिलेक्ट करून डिलीट केल्या. दोन व्हिडिओ त्यात गेले. लॅपटॉपवर त्यांची नावं आहेत, साइज शून्य केबी.

आणि इथं लोक ज्यावर विसंबून असतात ते दोन्ही आधार नसतात. लॅपटॉपवरनं फोनमधली फाइल उडवली तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, कारण ती लॅपटॉपची फाइल नाहीच, फोनला सांगितलं उडव, त्यानं उडवली. आणि फोनच्या गॅलरीतल्या ट्रॅशमध्येही जात नाही, कारण गॅलरीतनं उडवलेलीच नाही. मग रिकव्हरी सॉफ्टवेअर? जुन्या मेमरी कार्डाला ते चालायचं. आताच्या फोनची आतली मेमरी एनक्रिप्ट असते आणि रिकामी झालेली जागा फोन स्वतःच साफ करून टाकतो, तिथं ती सॉफ्टवेअरं काही काढू शकत नाहीत, पैसे तेवढे घेतात. मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग कटचं बटन ठेवलंय कशाला?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. लॅपटॉपमधल्या लॅपटॉपमध्ये ठीक आहे, पण फोनच्या बाबतीत कट हा शब्दच विसरायचा, कॉपी करायची, तपासायचं, आणि मग वेगळ्या दिवशी डिलीट.

तपासणी. कॅमेरा फोल्डरचं सगळं आल्यावर प्रॉपर्टीज बघितली. कागदावर ४,८१२, लॅपटॉपवर ४,८३९. कमी असते तर समजलो असतो, सत्तावीस जास्त कुठनं आले! दुपारभर डोकं खाजवलं. शेवटी नावाप्रमाणं लावून अगदी वर गेलो तर तिथं टिंबापासून सुरू होणारी नावं, टिंब, मग ट्रॅश्ड असा शब्द, मग लांबलचक आकडा, मग फोटोचं खरं नाव. अँड्रॉइड ११पासून गॅलरीत फोटो डिलीट केला की तो खरा जात नाही, त्याच फोल्डरमध्ये असं नाव बदलून तीस दिवस लपून बसतो. फोन तो मोजत नाही, पण केबलनं गेलं की लॅपटॉपला दिसतो आणि कॉपी होतो. बरोबर सत्तावीस. ४,८१२ जुळले. खरं सांगतो, महिनाअखेरीला ट्रायल बॅलन्स टॅली झाल्यावर जे वाटतं ते वाटलं. आकडे जुळले तरी प्रत्येक महिन्यातले चारपाच फोटो आणि मोठे व्हिडिओ सगळे उघडून बघितले, झेंडावंदनानं धडा दिलेलाच होता.

व्हॉट्सॲपचं फोल्डर आता पहिल्या जागी नसतं, खूप जणांना ते सापडत नाही. अँड्रॉइड नावाचं फोल्डर, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सॲप, त्यात व्हॉट्सॲप, त्यात परत मीडिया, मग इमेजेस. त्याच्या आत सेंट म्हणून एक फोल्डर, गॅलरीत न दिसणारं. वहिनींच्या सेंटमध्ये २,९०० फोटो निघाले, म्हणजे केंद्राच्या ग्रुपवर पाठवलेली प्रत्येक खिचडी परत एकदा. कॅमेऱ्यात मूळ, सेंटमध्ये नक्कल. ते सगळं मी कॉपीच केलं नाही, जागेवर उडवलं. बाकीचे ९,३४० मात्र आणले, त्यात गुड मॉर्निंग पण आले, निवडायला आत्ता वेळ नाही, मे महिन्याच्या सुट्टीत वहिनी बघतील म्हणाल्या.

तारखांचा एक घोळ राहिला. लॅपटॉपवर सगळ्या फाइलींची तारीख दिवाळीचीच दिसायला लागली. कॅमेऱ्याच्या फोटोंना हरकत नाही, काढल्याची तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते, विंडोजमध्ये डेट टेकन हा कॉलम घेतला की बरोबर लागतात. व्हॉट्सॲपनं आलेल्या फोटोत मात्र ती आतली माहिती पुसलेली असते. उरतं फक्त नाव, आयएमजी-२०१९०६१२-डब्ल्यूए००३४, म्हणजे १२ जून २०१९ला आलेला, त्या दिवसाच्या गठ्ठ्यातला चौतीस नंबरचा. आलेला, काढलेला नव्हे. त्यामुळं या फाइलींची नावं बदलून मजेशीर काहीतरी ठेवायचा मोह टाळायचा, नाव गेलं की तारीख गेली.

ही १२ जूनची फाइल म्हणजे पुतणीच्या बारशाची. तेव्हाचा फोन वेगळा, तो कधीच बंद पडला, त्यातलं फक्त व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधनं इकडं आलेलं. एकशे साठ केबीचा फोटो, लांब बाजू १६०० पिक्सेल, फोनवर बरा दिसतो पण वहिनींना त्याची मोठी फ्रेम करायची होती, आणि मोठं केलं की पाळण्यावरची फुलं सगळी चिकटून एक होतात. भाऊबीजेला वहिनींचे भाऊ आले, मूळ फोटो त्यांच्या आयफोनचे. तिथं वेगळीच तऱ्हा. केबल लावली की फोनवर या कंप्युटरवर विश्वास ठेवायचा का विचारतो, हो म्हणून पासकोड टाकल्याशिवाय काही दिसत नाही. दिसलं तर २०१९चं काहीच नाही, कारण आयक्लाउडवर जागा वाचवायचं सेटिंग चालू, फोनमध्ये नुसती छोटी चित्रं आणि मूळ फोटो वर. मग ते बारशाचे अकरा फोटो त्यांनी फोनवर एकेक उघडून खाली उतरवले आणि व्हॉट्सॲपवरच पण डॉक्युमेंट म्हणून पाठवले, तसं पाठवलं की दाबून लहान होत नाहीत. आले ते हाइक (एचईआयसी) नावाच्या फाइली म्हणून, २०१७पासून ॲपल फोटोंना हाच प्रकार वापरतं, विंडोज १० त्याला ओळख दाखवेना, स्टोअरमधनं हाइफचं, म्हणजे असले फोटो उघडणारं, एक्स्टेन्शन टाकलं तेव्हा उघडले. फुलं वेगळी झाली. झेंडूच्या मध्ये शेवंती होती हे मला पहिल्यांदाच कळलं.

नऊ वर्षांच्या हार्ड डिस्कवर एकच कॉपी ठेवून फोन रिकामा करायला माझं मन धजेना. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला, त्यावर दुसरी कॉपी. त्यात स्नेहसंमेलनाचा एक व्हिडिओ अडला, फाइल फार मोठी आहे म्हणून, आणि पेन ड्राइव्ह तर अख्खा रिकामा. व्हिडिओ ४.६ जीबीचा, पेन ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही, जागा कितीही असो. पेन ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा करून घेतला, बसला. पेन ड्राइव्ह वहिनींच्या दागिन्यांच्या डब्यात गेला. मग फोनमधनं जून २०२५च्या आधीचं सगळं काढलं, गॅलरीचा ट्रॅश पण रिकामा केला, नाहीतर जागा सुटतच नाही. २६ जीबी मोकळी.

दादाच्या त्या दोन व्हिडिओंपैकी एक लेझीमचा होता, तो वहिनींच्या एका मॅडमकडं ग्रुपवरनं सापडला, लहान आणि पुसट पण आहे. दुसऱ्याचं फक्त नाव राहिलंय, व्हीआयडी_२०२३०६१५_१०३२१२. मला त्यातनं तारीख आणि वेळ एवढंच वाचता आलं, १५ जून, साडेदहा वाजता. वहिनींनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी शाळा सुरू झाली होती. घरी कोण नव्हतं म्हणून हिला बरोबर नेलेली, चार वर्षांची होती, पहिलीच्या पोरांत जाऊन बसली आणि हजेरीला हात वर केला." दादा तेव्हा तिथंच उभा होता. मी ती शून्य केबीची फाइल डिलीट करायला गेलो तर म्हणाला, राहू दे ती, ती काय जागा खाते.